घोड्यांचे कान

दादाने काढलेल्या प्रत्येक चित्रात तो स्वतः कुठेतरी असायचा. बाजाराचं चित्र असो की लग्नाच्या पंगतीचं, गर्दीत त्याचा चष्मा सापडायचाच. आजारपणात अंथरुणावर बसून काढलेलं शेवटचं चित्र मात्र अमेरिकेतल्या काउबॉयचं आहे. उघडं माळरान, रात्र, शेकोटीभोवती हॅट घातलेले गुराखी, मागे बसलेली गुरं आणि बाजूला बांधलेले घोडे.

"यात हे कुठेच नाहीत गं, शैला," वहिनी म्हणाली. दादा गेल्यापासून ती भिंग घेऊन त्याला शोधत होती. "मला न सांगता गेले, आता चित्रातूनही गेले."

"हॅटखाली चष्मा झाकला असेल," म्हणत मी चित्र खिडकीपाशी नेलं. माणसं आगीकडे बघत होती. घोडे मात्र तिकडे बघत नव्हते. सगळ्यांचे कान टवकारलेले आणि नजर थेट चित्राबाहेर. आमच्या वडिलांचा टांगा होता. अंधारात घोड्याने असे कान उभे केले की समोर कोणीतरी असतं, दिसो वा न दिसो, हे दादाला आणि मला लहानपणापासून ठाऊक होतं.

चित्र काढणारा चित्राबाहेरच उभा असतो, हे इतकं साधं आहे की त्याचा कोणी विचारच करत नाही.

"घोड्यांना दिसतोय तो," मी म्हटलं. "इथे आहे. आपण उभ्या आहोत तिथे."

कोणाला जागा करून द्यावी तशी वहिनी थोडी बाजूला सरकली. मग मीही सरकले.