हुकूम परत म्हणणारा सारंग

आमच्या रत्नागिरीच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. त्यावर संध्याकाळी पाणी कधी येणार ते सांगत, हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवत आणि उरलेला वेळ साड्यांच्या सेलला देत. दोन हजार सालानंतर मोठ्या चॅनेलांवर माणसांना गायला, नाचायला लावून एकेकाला रडत घरी पाठवण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा यालाही वाटलं, आपण मागे का राहावं. गाणारी माणसं गावात कमी आणि धंदा करू इच्छिणारी पुष्कळ, म्हणून त्याने उद्योजकांची स्पर्धा काढली. चौघाचौघांचे संघ, दर आठवड्याला एक कामगिरी, हरेल त्या संघाच्या नेत्याने कॅमेऱ्यासमोर सांगायचं की कोणामुळे हरलो. व्यासपीठामागच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : नेतृत्व आणि संघभावना. संघभावनेची परीक्षा माणसाला सहकाऱ्याचं नाव फोडायला लावून घेण्याची कल्पना कोणाची होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बक्षीस मात्र खरं होतं. मिरकरवाडा बंदराच्या रस्त्यावर केबलवाल्याच्या सासऱ्याचे गाळे होते. त्यातला एक विजेत्या संघाच्या नेत्याला वर्षभर भाड्याशिवाय मिळणार होता. तो गाळा माझ्या भावोजींना हवा होता.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. अर्धं आयुष्य पाण्यावर गेलेलं. मुलीच्या बारशाला ते ब्राझीलच्या किनाऱ्यावर होते, आणि तिच्या दहावीच्या निकालाला कुठे होते ते त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. आता त्यांना ट्रॉलरवाल्यांसाठी दोरखंड, रंग, साखळ्या अशा सामानाचं दुकान टाकायचं होतं आणि बंदराच्या रस्त्याला जागा परवडत नव्हती. मुंबईच्या एजंटने नव्या जहाजावर चढण्यासाठी विचारलं होतं. अंतिम फेरीनंतरच्या सोमवारी त्याला उत्तर द्यायचं होतं. गाळा मिळाला तर नाही म्हणायचं, नाही मिळाला तर हो. घरात याहून जास्त बोलणं झालं नव्हतं, पण त्या मे महिन्यात ताईच्या हातून दोनदा भात लागला, आणि तिचा भात कधी लागत नाही.

संघाला चौथा माणूस मिळेना म्हणून मला घेतलं. मी ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे आणि जन्मात काडेपेटीही विकलेली नव्हती. बाकी दोघांपैकी एक पालीच्या काकू. त्या घरी आंबापोळ्या करून विकायच्या आणि हिशेबात कोणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. दुसरा एक मोबाइलचं दुकान चालवणारा तरुण. त्याच्या केसांना लावलेल्या जेलमुळे तो सदैव नुकताच पोहून आल्यासारखा दिसे.

पहिल्याच, सरबत विकायच्या कामगिरीत आमचा गोंधळ उडाला. एक सांगे बर्फ आणा, दुसरा आणी ग्लास. तेव्हा भावोजींनी आम्हाला जहाजावरची एक रीत शिकवली. सुकाणूवरच्या माणसाला हुकूम मिळाला की तो आधी जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणतो आणि मग चाक फिरवतो. परत म्हटला की हुकूम त्याचा झाला. मग तो करायचा, आणि दुसरा हुकूम येईपर्यंत तोच करत राहायचा.

"मी काय पोपट आहे?" काकूंनी विचारलं.

भावोजी म्हणाले, "पोपट नुसता बोलतो, काकू. तुम्ही करायचंयत पण."

मला हसू आलं होतं. वर्गात वर्षानुवर्षं मी मुलांकडून उत्तरं परत म्हणून घेत होतो आणि त्याला शिक्षण म्हणत होतो, पण त्यातून एकाही मुलाने काही केल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं. इथे मात्र उपयोग झाला. आम्ही लागोपाठ जिंकत गेलो. काकू तर या रीतीच्या इतक्या आहारी गेल्या की मोबाइलवाल्याने नुसतं "काकू, चहा" म्हटलं तर त्याच्याकडे बघून ठणकावत, "काकू, चहा. आणि दूध कोण आणणार?"

ही रीत भावोजी घरीही पाळत, हे ताईने मला फार पूर्वी सांगितलं होतं. जे करायचं ते एकदा परत म्हणायचे. "येताना कोथिंबीर." "येताना कोथिंबीर." जे करायचं नसेल ते कधी परत म्हणायचे नाहीत. दर सफरीआधी ताई म्हणे, आता जाऊ नका. त्यावर ते म्हणत, "बघू." आणि महिन्याभरात बॅग भरलेली असे.

अंतिम कामगिरी हातखंब्याला होती. हायवेवर समोरासमोर दोन स्टॉल, दोन्ही संघांना सारख्या आंब्याच्या पेट्या, सूर्यास्तापर्यंत जो जास्त विकेल तो पुढे. समोरच्या संघाचा नेता शहरात व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास चालवायचा. त्याचा संघ एकाच रंगाचे टी-शर्ट घालून दर तासाला गोल उभा राहून घोषणा देत होता. एका ट्रकवाल्याला वाटलं मोर्चा आहे, तो लांबूनच वळून गेला.

भावोजींनी सकाळीच एक पेटी नमुन्याला उघडली आणि काकूंना बजावलं, "मला विचारल्याशिवाय दुसरी पेटी उघडायची नाही."

"तुम्हाला विचारल्याशिवाय दुसरी पेटी उघडायची नाही," काकू म्हणाल्या आणि पेट्या उघडायची कटावणी आपल्या पिशवीत टाकली.

हुकूम शहाणपणाचा होता. उघडलेल्या पेटीतला आंबा प्रत्येक जण दाबून बघतो आणि दाबलेला आंबा कोणी घेत नाही. दुपारपर्यंत आमच्या नमुन्याच्या पेटीतली फळं दाबून दाबून मलूल झाली होती, पण बंद पेट्या बऱ्या जात होत्या. समोरच्यांच्या आम्ही थोडे पुढेच असू.

तेवढ्यात केबलवाला गाडी घेऊन आला. त्याला नेत्यांचं मनोगत चित्रित करायचं होतं, आणि तेही डोंगरावर, पाठीमागे दरी दिसेल असं. समोरचा नेता सकाळीच जाऊन आला होता. भावोजी नको म्हणत होते. केबलवाल्याने सांगितलं की मनोगत नसेल तर नेतृत्वाचे गुण कापले जातील. भावोजी गाडीत बसले. जाताना त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, लक्ष ठेवा." मी मान हलवली. परत म्हटलं नाही, कारण त्यात परत म्हणण्यासारखं काही नव्हतं.

ते गेल्यावर लग्नाच्या वऱ्हाडाची एक लक्झरी बस येऊन थांबली. कोल्हापूरकडे परत निघालेली मंडळी होती. फेटा अजून डोक्यावर असलेले एक वयस्क गृहस्थ उतरले आणि आमच्या पेट्यांच्या थप्पीकडे बघत म्हणाले की घरटी एक पेटी द्यायची आहे, सगळ्याच घेतो, फक्त एक उघडून दाखवा. नमुन्यातले आंबे त्यांनी हातात घेतले आणि परत ठेवले.

मी काकूंना म्हटलं, "उघडा."

"त्यांनी सांगितलानी ना, विचारल्याशिवाय उघडायची नाही."

"काकू, सगळ्या जातायत. बस समोर उभी आहे."

"तुम्ही तेव्हा इथेच होतात. ऐकलंत कनी?"

भावोजींचा फोन लागत नव्हता. डोंगरावर रेंज नव्हती. मोबाइलवाला मोटारसायकलवर त्यांना आणायला सुटला. मी काकूंना समजावलं, पुरवठा आणि मागणी असं काहीतरी बोललो, शेवटी कटावणी मागितली. काकूंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि हात तिच्यावर ठेवला. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांना बस दिसत नव्हती असं नाही. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, मी तोंडाने म्हटलंय." स्टॉलवर ठेवलेला दुसरा कॅमेरावाला आमच्यासमोर उभा राहून हे सगळं टिपत होता.

समोरच्यांनी रस्त्यापलीकडून हे पाहिलं आणि एकदम तीन पेट्या फोडल्या. फेटेवाले गृहस्थ तिकडे बघत थोडा वेळ थांबले. बिचाऱ्यांनी आम्हाला पुरेशी संधी दिली. मग सगळं वऱ्हाड रस्ता ओलांडून गेलं. भावोजी मोटारसायकलवरून उतरले तेव्हा शेवटची पेटी बसच्या पोटात जात होती. त्यांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी पिशवीतून कटावणी काढून त्यांच्या हातात दिली.

निकाल दुसऱ्या दिवशी, एका मंगल कार्यालयात. स्टेजमागची वधूवरांच्या नावांची चौकट काळ्या कापडाने झाकली होती. आवाज येतो म्हणून पंखे बंद. परीक्षक मुंबईचे एक मोठे कारखानदार, मूळचे इकडचे. मे महिन्यात कोट घालून ते फिरत्या खुर्चीत बसले होते. खुर्ची शोरूममधून तासापुरती आणलेली, म्हणून तिचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. साहेब हलले की प्लास्टिक कुरकुरे, आणि मग आवाजवाला कपाळाला हात लावी.

सुरू होण्याआधी केबलवाल्याने भावोजींना खांबाआड घेतलं. मी बरोबर होतो. तो म्हणाला की विक्रीत तुम्ही हरलात, पण अर्धे गुण नेतृत्वाचे आहेत. साहेबांना कठोर निर्णय घेणारा माणूस आवडतो. बसचं चित्रण त्यांनी बघितलंय. तुम्ही काकूंचं नाव घ्या, साहेब तुम्हाला उचलून धरतील. "गाळा तुमचाच समजा," असं म्हणून त्याने भावोजींच्या खांद्यावर थोपटलं.

खांबापासून दुसऱ्या रांगेत ताई बसली होती. तिने ऐकलं की नाही ते मला सांगता येणार नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि बोट निळं पडेपर्यंत ती ते गुंडाळत होती. काकू आमच्याबरोबर स्टेजवर उभ्या होत्या, लग्नाला यावं तशी चांगली साडी नेसून.

साहेबांनी नेतृत्वावर थोडं भाषण केलं. मग विचारलं, "कोणामुळे हरलात?"

"हुकूम माझा होता," भावोजी म्हणाले.

"ते मी विचारलं नाही. बस समोर असताना पेटी कोणी उघडली नाही, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. मला नाव हवंय. नाव सांगा."

"नाव सांगायचं," भावोजी म्हणाले.

त्यांनी परत म्हटलं होतं, म्हणजे आता ते करणार होते. काकूंनाही ते कळलं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. ताईने पदर सोडला आणि ती खुर्चीत पुढे सरकली. आज एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, मलाही त्या क्षणी ते नाव यावं असंच वाटत होतं.

भावोजी ताठ उभे राहिले आणि त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढे हुद्दा. बंदरात तपासणीला अधिकारी आला की खलाशी हजेरी देतात, तसं.

मागच्या रांगांत कोणीतरी हसलं. साहेबांची खुर्ची कुरकुरली. त्यांना ती चेष्टा वाटली असावी. भावोजींच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, पण कोटातल्या माणसाला उकडत असलं की एवढं बारीक दिसत नाही. तरी साहेबांनी सांगितलं की असा प्रामाणिकपणा फार दुर्मीळ असतो, त्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. टाळ्या झाल्या. मग त्यांनी गाळ्याची किल्ली व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासवाल्याला दिली, आणि त्याच्या संघाने गोल उभं राहून घोषणा दिली.

तो भाग चॅनेलने दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा पुन्हा दाखवला, भावोजींच्या वाक्यामागे सनई घालून. लोक रस्त्यात थांबवून भावोजींचा हात हातात घेत. काकू मात्र एका सकाळी पालीहून तडक घरी आल्या आणि पाणीही न घेता ओटीवर उभ्या राहिल्या.

"मला वाचवायला तुम्हाला कोणी सांगितलान?" त्यांनी विचारलं. नाव घेतलं असतंत तर मी एकदा रडले असते आणि मोकळी झाले असते. आता बाजारात जाते तर लोक एकमेकांना दाखवतात, ती बघ, हिच्यापायी त्याचा गाळा गेला. असं बरंच बोलल्या. भावोजी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुम्ही हुकूम पाळलात काकू. मी डोंगरावर जायला नको होतं." त्याने काकूंचा राग गेला नाही. जाताना त्या ताईकडे वळल्या, काहीतरी बोलायचं होतं, पण ताई आत निघून गेली होती.

सोमवारी एजंटचा फोन आला आणि भावोजींनी हो सांगितलं.

ताई त्यांच्याशी भांडली नाही. भांडली असती तर आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं असतं. तिने कपड्यांच्या घड्या घातल्या, लोणच्याची बरणी कागदात गुंडाळली, आणि मला विचारलं, "एक नाव घ्यायला काय जात होतं रे?" मी म्हटलं की त्यांना ते जमलं नसतं. ती म्हणाली, "ते मला माहीत आहे. मी विचारतेय, काय जात होतं." मी बरणीला सुतळी बांधायला घेतली.

निघायच्या सकाळी स्टेशनला न्यायला रिक्षा दारात आली. रिक्षावाल्याने निकालाचा भाग पाहिला होता, त्यामुळे तो बॅग उचलायला स्वतः उतरला. ताईने बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता. तो ओढू लागला, तिने सोडला नाही, तेव्हा तो गोंधळून बाजूला झाला.

"ही शेवटची," ताई म्हणाली.

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. मला त्यांचं "बघू" इतकं पाठ होतं की त्यांचे ओठ हलण्याआधीच ते मी ऐकून घेतलं. रिक्षा सुरूच होती. त्यांनी पायांत नीट वहाणा घातल्या, उभे राहिले, घसा साफ केला.

"ही शेवटची," ते म्हणाले.

ताईने पट्टा सोडला.