समीरची चार गाणी

मंडळींनो, आठवतं ना, आमचा फोन संध्याकाळभर एंगेज लागायचा? शोभाताई वैतागून सेक्टर ४३मधून रिक्षाने निरोप द्यायला यायच्या. तेव्हा समीर त्याच फोनलाइनवरून इंटरनेटवर अनोळखी मुलांनी घरी बसून केलेली गाणी शोधत असायचा. एक गाणं उतरायला अर्धा तास लागे. मी चुकून रिसीव्हर उचलला की आतून ओरडायचा, "मम्मी यार, कट गया!"

समीरला जाऊन परवा दोन वर्षं झाली. आज सकाळी त्याचा मित्र हरप्रीत आला. म्हणाला, "आंटीजी, समीर ने भी इंटरनेट पर अपने गाने डाले थे. वो साइट इसी हफ्ते बंद हो रही है." मला हे ठाऊकच नव्हतं.

आम्ही दोघांनी बसून चारही गाणी उतरवून घेतली. चौथं संपताना मागून माझाच आवाज येतो, "समीर, पोळ्या गार होतायत!" आणि तो म्हणतो, "आलो गं आई." मला कायम हिंदीत उत्तर देणारा माझा मुलगा. तो तुकडा त्याने कापला नव्हता.

सीडी करून ठेवल्या आहेत. एक हरप्रीतने नेली. शोभाताई, एक तुमची. माझी मी हेडफोन लावून ऐकते, कारण ह्यांनी अजून त्याच्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही. मुक्ता, तू त्याच्याकडे गिटार शिकलीस, म्हणून तुला दोन देते. एक तुझी, दुसरी ह्यांची. माझ्याकडे राहिली तर मी त्यांना ऐकवायची घाई करीन. काका स्वतः मागतील तेव्हाच त्यांना दे.