अप्पांचा पूर्ण पत्ता

आमच्या गल्लीतल्या खानावळवाल्या अप्पांइतकी स्वतःचा पत्ता सांगण्याची हौस असलेला माणूस सबंध मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. नाव विचारलं की लोक नाव सांगतात. अप्पा नाव, वडलांचं नाव, गाव, गावातली आळी आणि आळीतलं घर सांगून मगच श्वास घेत. गॅसचा नंबर लावताना, बँकेत पासबुक भरून घेताना, दवाखान्यात ताप अंगात असताना, कुठेही. एकदा रिक्षावाल्याने नुसतं "कुठं जायचं?" म्हणून विचारलं, तर अप्पांनी आधी आपण कुठले ते सांगितलं आणि मग कुठं जायचं ते. तेवढ्यात मागून आलेल्या दुसऱ्याच बाई त्या रिक्षात बसून निघून गेल्या.

गाव औशाकडचं. भूकंपात ते सगळंच्या सगळं जमीनदोस्त झालं. अप्पा बायकामुलांसकट त्या वेळी सासुरवाडीला होते म्हणून वाचले, म्हातारी आई वाचली नाही. सरकारने दुसऱ्या जागी नवं गाव बांधून दिलं, पण अप्पा तिकडे राहिलेच नाहीत, लातुरात आले. पुढे क्लासचा जमाना आला. गच्च्यागच्च्यांवर पोरांसाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि खडूला हात लावलेला आणि न लावलेला असा प्रत्येक माणूस 'सर' झाला. मी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं म्हणून मीही सर झालो. अप्पांनी विद्यार्थ्यांसाठी खानावळ टाकली. भांड्यांवर नाव घालून घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण अप्पांनी प्रत्येक ताटाच्या मधोमध सबंध पत्ता कोरून घेतला, तोही भूकंपाआधीचा. पोरं जेवायला बसली की आधी भाताच्या कडेने अप्पांचं नाव दिसे, वरण संपत आलं की गाव दिसे, आणि ताट अगदी पुसून खाल्लं तर 'महादेवाच्या देवळामागं, लिंबाखालचं घर' इथपर्यंत वाचता येई. कुणी ताटात टाकून उठलं की अप्पा म्हणत, "आजून घरापोत्तर पोचला न्हाईस की बाबा. बस, बस."

तक्रारीचं तर त्यांना कौतुकच होतं. भाजीत मीठ जास्त झालं असं कुणी म्हटलं, तर अप्पा दुसरी भाजी घेऊन स्वतः त्याच्या खोलीवर जात, हात जोडून माफी मागत आणि मग त्याचं गाव कुठलं, गावात पाणी कुठून येतं, देऊळ कुणीकडे तोंड करून आहे, हे विचारत तासभर बसत. पोराचा अभ्यास बुडे. दुसऱ्या दिवशी मीठ कितीही पडलं तरी तो मुकाट्याने खाई.

गावोगावचे आईबाप मुलांची जेवणाची सोय मोबाईलवरच शोधू लागले, तेव्हा अप्पांची वेबसाइट मी करून दिली. त्यात ऑनलाइन महिना लावून घ्यायची सोय होती. असा धंदा करायचा तर मालकाचं नाव, पत्ता, फोन आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव साइटवर ठळक द्यावं लागतं, असा कायदा आहे, हे मी त्यांना सांगितलं. इतका खूश झालेला माणूस मी आजवर पाहिला नाही. "सरकार सोताहून इचारतंय म्हणता?" असं म्हणत ते टोपी काढून माझ्यासमोर बसले आणि सांगू लागले. जुनं गाव, आळी, देऊळ, लिंबाचं झाड, आणि मग शेवटी, सहज आठवल्यासारखं, हल्ली मुक्काम लातूर.

मी म्हणालो, "अप्पा, ते घर आता नाही. कायद्याला राहता पत्ता लागतो."

"घर पडलं सर. पत्ता कुठं पडला?"

मला हसू आलं. अप्पा हसले नाहीत. मग खाली बघत त्यांनी सांगितलं, की थोरला भाऊ भूकंपाच्या आधीच घर सोडून गेला होता. त्या लिंबाची फांदी तोडायची की ठेवायची एवढ्यावरून दोघा भावांचं वाजलं आणि थोरला जो गेला तो गेलाच. हैदराबादकडे गेला, असं कुणीतरी म्हणालं. "त्याला लातूरचं हे घर काय ठावं? माझ्या नावाची मान्सं शंभर निघतेल. लिंबाखालचा मी एकलाच हाय."

हे सगळं मी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. पण ती लांबलचक ओळ मोबाईलच्या पडद्यावर मावेना, खाली घसरून जेवणाच्या फोटोवर जाऊन बसे, आणि माझं काम मला गचाळ दिसे. शेवटी मी म्हणालो, "जुना पत्ता कायद्यात बसत नाही, अप्पा." कायद्याची काही हरकत नव्हती, हरकत माझी होती. भूकंपानंतर रांगेत उभं राहून अर्जामागून अर्ज भरलेला माणूस तो. कायदा म्हटल्यावर त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "बसत न्हाई का? मंग ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाले. अप्पा प्रत्येक फोनवर अर्धा तास बोलत बसतील म्हणून नंबरही मी माझ्या दुकानाचाच टाकला.

त्या हिवाळ्यात एक फोन आला. उमरीहून कुणी बोलत होतं. मुलीला पुढच्या वर्षी क्लासला घालायचं आहे, जेवणाची चौकशी करायची आहे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "मालक मूळचे कुठले?" दुकानात प्रवेशपरीक्षेचे अर्ज भरणाऱ्यांची गर्दी होती. मी म्हणालो, "लातूरचेच," आणि फोन ठेवला.

जूनमध्ये ती मुलगी खानावळीत जेवायला आली. पहिल्याच दिवशी तिने ताट पुसून खाल्लं आणि तिथूनच वडलांना फोन लावून ताटावरचं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील उमरीहून आले. अप्पांच्या पाया पडले आणि तसेच त्यांच्या पायाशी बसून राहिले. ते अप्पांचे पुतणे होते. थोरले भूकंपानंतर गावाकडे आले होते, नुसती दगडमाती पाहिली, त्या घरातलं कुणी राहिलं नाही असं कुणीतरी सांगितलं आणि ते तसेच परत गेले. उरलेलं आयुष्य त्यांनी उमरीत काढलं. लातूरहून एसटीने अर्ध्या दिवसाची वाट.

"हिवाळ्यात मोबाईलवर तुमचं नाव दिसलं, तवा आमच्या वडलांना, दादांना दाखवलं होतं मी," पुतणे सांगत होते. "दोनदा वाचाया लावलं. मंग म्हणाले, हा आपला न्हाई. आपला धाकटा गाव लिव्हल्याबिगर ऱ्हायचा न्हाई. तरी मी फोन लावून इचारलं, तर लातूरचेच म्हणाले. दादा उन्हाळ्यात गेले."

मी तिथेच उभा होतो. तो फोन मी घेतला होता, हे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अप्पा ताटावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले. मग पुतण्याला म्हणाले, "बराबर वळखून होता बघ मला."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच म्हणालो, "अप्पा, ती ओळ आजच साइटवर घालतो. तुमचा नंबरही घालतो."

अप्पांनी मान वर केली. "कायद्यात बसतंय का पर?"

टोमणा असता तर मी सोसला असता. पण ते खरंच विचारत होते. "बसतं," मी म्हणालो. "आधीपासून बसत होतं."

आता ती ओळ साइटवर आहे. महादेवाच्या देवळापासून लिंबाखालच्या घरापर्यंत सगळी, अजूनही मोबाईलवर खाली घसरते आणि जेवणाच्या फोटोवर जाऊन बसते. मी तिला हात लावत नाही. चौकशीचे फोन अप्पांकडे जातात. रस्त्याने जाताना त्यांचा आवाज ऐकू येतो. नाव, वडलांचं नाव, गाव, आळी, घर. एवढं सांगून झालं की ते क्षणभर थांबतात, पलीकडून कुणी ओळख देतंय का ते ऐकतात, आणि मग महिन्याच्या जेवणाचं सांगायला लागतात.