बीभत्स रसाचं प्रात्यक्षिक

साहित्य माणसाला उन्नत करतं. आमच्या मराठीच्या मास्तरांनी हे वाक्य नाकावर रुमाल दाबून उच्चारलं, त्यामुळे त्यातलं ‘उन्नत’ मागच्या पोरांना ऐकू गेलं नाही.

सगळा वर्ग सोलापूरच्या वेशीबाहेर ओढ्याच्या काठावर उभा होता. खाली उतारावर आमची वस्ती. आम्ही ढोर, जनावरांचं कातडं कमावणारे. चुन्याचे हौद, बाभळीच्या सालीचा ढीग, आणि साल-पाणी भरून टांगलेल्या कातड्याच्या फुगलेल्या पिशव्या. हौदाशेजारी एक बाई ओंडक्यावर ओलं कातडं पसरून त्याचे केस खरडत होती. मास्तरांनी छत्रीचं टोक तिच्यावर रोखलं.

“बीभत्स रस. स्थायीभाव कोणता?”

“जुगुप्सा,” वर्ग म्हणाला.

“जुगुप्सा म्हणजे किळस. आता आलंबन सांगा. ज्याला पाहून भाव जागा होतो, ते.”

वकिलांचा मुलगा पुढंच होता. “ती बाई, मास्तर.”

“शाबास.”

ती बाई माझी आई.

त्या महिन्यात आम्हाला नवरस शिकवत होते. पुस्तकात बीभत्साचं उदाहरण रणभूमीचं होतं. कोल्हे, गिधाडं, आतडी. मास्तरांनी ते वाचलं, पुस्तक मिटलं, आणि शेवटच्या बाकाकडं पाहिलं. त्या बाकावर मी एकटा बसे. म्हणजे बसवलेला असे. “इतक्या लांब कशाला जायचं?” मास्तर म्हणाले. वर्ग हसला. शनिवारी सकाळच्या शाळेतून आम्ही निघालो. वाट दाखवायला मी पुढं. नाही म्हणायची सोय नव्हती. माझी फी माफ होती, आणि नादारीच्या अर्जावर मास्तरांची शिफारस लागे. ती गेली की शाळा गेली.

मास्तर तयारीनं आले होते. कानात अत्तराचा फाया, अंगात कोट, पायात नवे कातडी जोडे. सौंदर्याची जाण असलेला माणूस.

“उद्दीपन?” त्यांनी विचारलं. “भाव वाढवणाऱ्या गोष्टी?”

“वास.”

“माशा.”

“चुना, मास्तर.”

“आणि अनुभाव? भाव अंगावर दिसतो तो कशात?”

कुणाला येईना. मग मास्तरांनीच स्वतःच्या रुमालाकडं बोट केलं. वाहवा झाली. इतकं सोपं करून शिकवणारा शिक्षक विरळा.

तोवर आईनं आम्हाला पाहिलं. तिला वाटलं, शाळा तिच्या दारी आली. पोराच्या कौतुकानं आली. ती उठली, हात धुतले, पदर सारखा केला आणि चढ चढून आली. मास्तर मागं सरकले. ते ओळखून ती थांबली.

“मास्तर, तुमाला पानी तर देता येत न्हाई. सावलीला तरी थांबा की. ऊन लई हाय.”

“असू दे, असू दे. लांबूनच बोला.”

“आमचं पोरगं हाय का बरं अभ्यासात?”

मास्तरांनी तिला उत्तर दिलं नाही. आलंबनाशी कुणी बोलत नाही. ते माझ्याकडं वळले.

“आता तू. हे तर तुझ्या परिचयाचं. या दृश्याचं वर्णन कर पाहू. मघाच्या सगळ्या संज्ञा आल्या पाहिजेत.”

“त्याला कसली जुगुप्सा वाटणार, मास्तर,” वकिलांचा मुलगा म्हणाला. “त्याला भूक लागत असेल.”

मास्तर हसले. रुमालाच्या आत.

आई माझ्याकडं बघत होती. पोरगा उत्तर देणार म्हणून तोंडावर केवढा आनंद. मला त्या वासाची कधी किळस आली नव्हती. त्या वासात मी रांगलो, जेवलो, पाढे म्हटले. पण त्या क्षणी मला खरंच किळस आली. कुणाला पाहून आली, ते स्पष्ट होतं. मास्तरांनी शिकवलं होतं, संज्ञा नीट लावून बघा. मी लावून बघितली.

“स्थायीभाव जुगुप्सा,” मी म्हणालो. “उद्दीपन, अत्तर. आलंबन, तुम्ही.”

मास्तरांनी रुमाल खाली घेतला. तेव्हा कुठं त्यांचं नाक दिसलं. साधारण नाक होतं.

“बगा,” आई म्हणाली, “कसं मास्तरासारखं बोलतंय.”

“नादारीचा अर्ज माझ्याच हातून जातो,” मास्तर हळू म्हणाले. “हात जोड. इथं, तुझ्या आईसमोर माफी माग.”

“न्हाई मागत.”

एवढं बोलून मी उतार उतरलो. मागं काही बोलणं झालं, ते ऐकलं नाही. चप्पल काढली, ओंडक्यापाशी बसलो आणि कातड्याचं एक टोक धरलं. थोड्या वेळानं आई आली. तिनं दुसरं टोक धरलं.

“काय बोललास रं त्यास्नी?”

मी सांगितलं. सोप्या शब्दांत. तिनं कातडं ताणून घेतलं. मग म्हणाली, “नीट धर. ढिलं सोडू नको.”

नादारी गेली. सहामाही संपली तशी शाळाही गेली. मी मनाशी ठरवलं ते एवढंच: त्यांच्या सगळ्या संज्ञा शिकायच्या. रस, अलंकार, वृत्त, एकही सोडायची नाही. पण छत्रीचं टोक जिकडं फिरेल तिकडं बघून उत्तर द्यायचं नाही. आणि माझ्या आईचं वर्णन दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही.

दिवसा बाभळीची साल कुटली, दिव्याजवळ पुस्तकं पाठ केली. रसांवरची मिळतील तेवढी वाचली. पुढं मॅट्रिकला बाहेरून बसलो.

मराठीच्या पेपरात रसांवर प्रश्न नव्हता. म्हणी विचारल्या होत्या.