मानेतली रेघ

बॉयलरच्या अंगाला एक उभी काचेची नळी असते. बोईसरच्या एका कारखान्यात मी बॉयलर अटेंडंट होतो आणि उमेदीची बहुतेक वर्षं त्या नळीकडे बघण्यात गेली. बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. पाणी जिथवर असेल तिथे एक रेघ असते आणि बॉयलर चालू असला की ती रेघ सारखी थरथरते. थरथरते आहे तोवर काळजी नाही.

मला काम शिकवणारा जुना अटेंडंट उत्तरेकडचा होता. पहिल्याच दिवशी त्यानं मला नळीसमोर उभं केलं आणि म्हणाला, "देख, पूरी भरी हुई काच और पूरी खाली काच, दोनों एक जैसी दिखती हैं. लकीर न दिखे तो खुश मत होना, डरना."

मग त्यानं नळीखालचा कॉक उघडून दाखवला. कॉक उघडला की नळीतलं पाणी फसकन निघून जातं, बंद केला की पुन्हा आपल्या पातळीला येऊन थांबतं. प्रत्येक पाळीला हे करायचं. डोळ्यांवर विसंबायचं नाही. पुढे मीही कितीतरी नव्या माणसांना हेच शिकवलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालेलं नाही.

माझी बायको घिवलीची. तिच्या वडिलांची नारळाची आणि भाजीपाल्याची वाडी होती आणि वाडीच्या कडेला उभं राहिलं की तारापूरच्या वीजकेंद्राची उंच चिमणी दिसायची. लहानपणी तिला सांधेताप आला होता. गुडघे सुजले, घरच्यांनी तेल लावून चोळले, सूज उतरली, विषय संपला. तो ताप सांध्यांतून उतरून हृदयाच्या झडपेत जाऊन बसला असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

लग्नानंतर आम्ही बोईसरला चाळीत वरच्या मजल्यावर राहायला आलो. पाण्याची कळशी घेऊन जिना चढताना ती मधेच थांबायची. मी चिडवायचो, "घिवलीच्या माणसांना चढ माहीतच नाही. सगळं सपाट."

"आमच्याकडं चढायचं ते नारळावर," ती धापा टाकत म्हणायची, "नि ते काम बायकांचं नाय."

दम वाढला तसं जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं. नॉर्मल. पुढल्या वेळी गेलो, पुन्हा नॉर्मल. आम्ही खुशीत घरी यायचो. बीपी चांगलं म्हणजे हृदय चांगलं, असं मी धरून चाललो होतो. तिचे पाय संध्याकाळी सुजायला लागले तेव्हा कुणीतरी पालघरच्या एका मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाले, "झडप आवळली आहे. पट्ट्यानं मोजतात तो हृदयातून बाहेर जाणाऱ्या रक्ताचा दाब. पण रक्त परतही येतं, शिरांमधून. त्याचाही दाब असतो. इतका हलका, की या मशीनला तो कळतही नाही. तो असा बघायचा."

त्यांनी तिची पाठ अर्धी उचलून तिला टेकवलं, मान किंचित डावीकडे वळवली आणि बॅटरीचा उजेड तिरपा पाडला. आधी मला काहीच दिसेना. मग गळ्याच्या हाडाच्या जरा वर, कातडीखाली, काहीतरी मऊसं लवताना दिसलं.

"ही शीर सरळ हृदयात उतरते," डॉक्टर म्हणाले. "मधे काही अडसर नाही. आत जेवढा दाब, तेवढ्या उंचीपर्यंत हिच्यात रक्त उभं राहतं. छातीच्या हाडावर हा उंचवटा आहे ना, तिथून वर किती, ते मोजायचं. धमनी बोटाला लागते. ही बोटाला लागत नाही, नुसती दिसते."

"डॉक्टर, ही तर गेज ग्लास आहे, आमच्या बॉयलरची पाण्याची काच," मी म्हणालो. माझं काम काय ते सांगितलं.

ते हसले. "मग तुम्हाला वेगळं शिकवायला नको."

"म्हंजे मी बॉयलर काय?" टेकून बसलेल्या बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली, त्याप्रमाणे आम्ही जाऊन आलो. तिथले सर्जन म्हणाले, झडप मोकळी करता येईल, पण आत्ता नाही. अंगातलं पाणी उतरू द्या, मानेतला दाब खाली येऊन काही आठवडे खालीच राहू द्या, मग घेऊन या. म्हणजे सगळं त्या रेघेवर आलं. ती खाली राहिली तर ऑपरेशन. ऑपरेशन झालं तर बायको.

मी कारखान्यातून खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि सुताराचा गुण्या लावून पाठीला टेकायची एक तिरकी फळी केली. कोन रोज तोच राहिला पाहिजे, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. शाळेतल्या दोन फूटपट्ट्या घेतल्या. एक छातीच्या उंचवट्यावर उभी धरायची, दुसरी रेघेच्या टोकापासून आडवी. रोज संध्याकाळी, पाळी संपवून आलो की, आधी हे आणि मग चहा.

"श्वास घेऊ का नको?" ती विचारायची.

"घे. पण बोलू नकोस."

"बरं हाय. मला गप बसवायला डॉक्टरनं कारण दिलं तुमाला."

लघवीच्या गोळ्यांनी रेघ उतरायला लागली. मीठ बंद होतं. घिवलीच्या बाईला मीठ बंद म्हणजे सुकट बंद, बोंबील बंद, म्हणजे जेवणच बंद. तिच्या आईनं पाठवलेली सुकटाची पुडी ती शेजारी देऊन टाकायची. सगळी नाही. दुसऱ्या दिवशी रेघ वर दिसायची आणि मला कळायचं.

"सुकट खाल्लीस?"

"मांजरानं खाल्ली आसंल."

"मांजराच्या मानेत नाही चढलं. तुझ्या मानेत चढलंय."

आधी हे हसण्यावारी होतं. नंतर मी खरंच रागवायला लागलो. पट्टी काढून ठेवायचो आणि जेवताना बोलायचो नाही. पाण्याची पातळी चुकली की हाताखालच्या माणसाला रागे भरतात, तसा मी तिला रागे भरायचो. माझ्या पावलांचा आवाज जिन्यात आला की ती पदरानं मान पुसायची. का पुसायची, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता वाटतं, परीक्षेला बसणारं मूल पाटी पुसतं तसं असेल.

त्या हिवाळ्याच्या शेवटी रेघ पुन्हा चढायला लागली. थोडी, मग आणखी थोडी. आणि मग एका संध्याकाळी मी बॅटरी लावली तर रेघच नाही. मान शांत. गळ्याच्या हाडाजवळ पाहिलं, त्याच्या खाली पाहिलं, कुठेच काही लवत नव्हतं. मान भरल्यासारखी दिसत होती. मला वाटलं, अंग धरते आहे.

"खाली गेली," मी म्हणालो.

"खरंच?"

"दिसतच नाही. पार हाडाखाली गेली."

ती फळीवरून उठली, दोन्ही हात जोडून भिंतीवरच्या देवाला नमस्कार केला आणि म्हणाली, "सुटले बाय आज." त्या संध्याकाळी मी बऱ्याच दिवसांनी तिच्याशी नीट बोललो. आपल्या हातून झालं, आपल्या पट्टीनं झालं, असा माझा आनंद होता. दुसऱ्या दिवशीही रेघ दिसली नाही. तिसऱ्या दिवशीही.

डॉक्टर एकदा म्हणाले होते की रेघ हाडाखाली गेली तर गोळी अर्धी करायची, शरीर फार कोरडं पडूनही चालत नाही. फक्त आधी मला दाखवून जा, असंही म्हणाले होते. पालघर काही लांब नव्हतं. पण मी गेलो नाही. दाखवायचं काय, मला दिसतंय ना, असं वाटलं. गोळी सुरीनं अर्धी करून मीच तिच्या हातावर ठेवली.

तिनं होळीला माहेरी जाऊ का विचारलं. किनाऱ्यावरच्या गावांत होळी म्हणजे घरातलं लग्न असतं आणि ती दोन वर्षं गेली नव्हती. मी हो म्हणालो. बक्षीस दिल्यासारखं हो म्हणालो.

होळी झाल्यावर तिला आणायला गेलो तेव्हा सासूबाईंनी मला पडवीत गाठलं. "जावयबुवा, पोरीला जेवण जात नाय. दोन घास खाते नि पोट टम्म होते."

"सणाचं खाणं, वायू झाला असेल," मी म्हणालो.

"खाल्लं आसतं तर वायू झाला आसता," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो. ती खिडकीशी बसली होती, मी तिच्या बाजूला. तारापूरच्या थांब्यावर ड्रायव्हर इंजीन बंद करून पाणी प्यायला उतरला. गाडी एकदम स्तब्ध झाली. खाली टोपल्या घेतलेल्या कोळणी कंडक्टरशी भांडत होत्या आणि ती मान वळवून ते भांडण मजेत ऐकत होती. ऊन तिच्या कानावर पडलं होतं. तिच्या कानातली कुडी हलत होती.

गाडी बंद होती. वारा नव्हता. कुडी हलत होती, एका लयीत. मी खाली वाकून पाहिलं. जबड्याच्या कोपऱ्यामागे, कानाच्या पाळीखाली, ती रेघ होती. सरळ ताठ बसलेल्या माणसाच्या मानेत ती कानाला टेकली होती आणि पाळीला धक्के देत होती. माझ्या त्या मापून केलेल्या फळीवर ती मला दिसणार कशी? ती कधी खाली गेलीच नव्हती. वर, जबड्याच्या आत गेली होती. काच पूर्ण भरली होती. आणि मी खुश झालो होतो.

"बोईसरला उतरून तशीच पालघरची गाडी धरू," मी म्हणालो.

"आज? पट्टी तर लावली नाय."

"पट्टी नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "वर हाय?"

"हो."

"किती?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "कानापर्यंत," मी म्हणालो.

तिनं हात वर नेला, ती कुडी दोन बोटांत धरली आणि बोईसर येईपर्यंत सोडली नाही.

पालघरला डॉक्टरांनी तिला ताठ बसवलं, बाजूनं पाहिलं, पोट दाबून पाहिलं. "तुम्ही हिला बसवून बघितलं नाहीत?" एवढंच विचारलं. आवाजात राग नव्हता. "दाब फार वाढला की टेकलेल्या माणसाच्या मानेत टोक दिसत नाही. वर लपतं. बसवावं लागतं."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

त्यांना ते खरं वाटलं नसावं. मी दुःखात काहीतरी बोलतोय असं समजून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिला तिथेच ठेवून घेतलं. इंजेक्शनांनी थोडं पाणी उतरलं, पण आता यकृतही सुजलं होतं. मुंबईहून निरोप आला की या अवस्थेत ऑपरेशन करता येणार नाही. पुढे बघू, असंही म्हणाले नाहीत. नंतर केव्हातरी डॉक्टरांनी मला समजावलं की थोडे दिवस अर्धी गोळी घेतल्यानं कुणी मरत नाही, झडप आधीच फार आवळली होती, हे आज ना उद्या होणारच होतं. चांगला माणूस होता. मी त्यांचं बोलणं पटवून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण भिंतीवरच्या देवाला हात जोडून "सुटले" म्हणणारी ती त्यांनी पाहिली नव्हती.

घरी आणल्यावर तिला फळीवर टेकता येईना. ती खिडकीच्या कठड्याला धरून बसून राहायची, बसूनच झोपायची. मी फळी मोडून सरपणात टाकली, तर म्हणाली, "तिचा काय गुन्हा?"

तरी संध्याकाळी मी आलो की ती सवयीनं मान वळवायची. "बघा."

एक दिवस पाहिलं तर कानात कुड्या नव्हत्या.

"कुठे गेल्या?"

"काढल्या. सारख्या हलतात. तुमी बोलताना माझ्या तोंडाकडं बघतच नाय, कानाकडं बघता."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ते किती उतरलं होतं, हे तेव्हा नीट दिसलं. "आज जरा खाली आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलायला कारखान्यात नाय शिकवलं ना कुणी?" ती म्हणाली. "म्हणून जमत नाय तुमाला." आणि मान पुन्हा खिडकीकडे वळवली.

ती गणपतीच्या आधी गेली, पालघरच्या दवाखान्यात, खाटेवर बसलेलीच.

दिवस झाल्यावर मी कामावर हजर झालो. जुन्या अटेंडंटनं पाळी माझ्या ताब्यात दिली. नळीत रेघ होती, नेहमीच्या जागी, थरथरत. मी कॉक उघडला. पाणी फसकन गेलं आणि परत येऊन तिथेच थांबलं. पुन्हा उघडला. पुन्हा तिथेच. तो डबा उचलून निघाला होता, तो दारातून मागे आला.

"लकीर दिख रही है ना?"

"हाँ."

"तो छोड़ दे भाई. सारा पानी निकाल देगा क्या?"

मी कॉक बंद केला. तो जिना उतरून गेला असेल असं वाटल्यावर पुन्हा उघडला.