न धुतलेली बाटली

आमच्या औषधी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे काका माझ्याच गावचे, गोव्यातल्या सुर्ल्याचे. त्यांना दमा होता. जिना चढून आले की छाती शिट्टीसारखी वाजायची. त्यांचा एक नियम होता. एखाद्याचं रसायन निकामी ठरलं, तरी त्याने स्वतः तसं सांगेपर्यंत ते त्याची बाटली धूत नसत.

माझं रसायन दम्यासाठी होतं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कामाबद्दल विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. काका मात्र रोज विचारायचे, "बाय, तुझें वखद खंय पावलें?"

"काका, औषध व्हायला वर्षं लागतात."

"लागूं दी. हांव खंय वतां?" मी कुठं जातोय, असं ते हसून म्हणायचे.

शेवटच्या चाचणीत ते निकामी ठरलं. मी खाली मान घालून त्यांना सांगितलं. त्यांनी बाटली खिडकीपाशी नेली आणि तळाची चिमूटभर पांढरी पूड उजेडात बराच वेळ पाहिली.

"आनीक एकदां करून पळय गो," ते म्हणाले.

निकाल तोच येणार हे मला माहीत होतं, तरी मी पुन्हा करून बघते म्हटलं. त्यांनी बाटली न धुताच माझ्या फळीवर परत ठेवली.