गार्चिंगचा कांदा, एश्बॉर्नचा कांदा

पुण्याहून निघताना सून ऋचानं माझ्या पर्समध्ये एक वही सरकवली. "आई, तिथले भाव लिहून आणा. आमचं कुठे जमेल ते तरी कळेल." ती, चार वर्षांची नात ईरा आणि मी पुण्यात, मुलगा निखिल दोन वर्षं म्युनिकजवळच्या गार्चिंगला, एका खोलीत. बायको-मुलीला आणायचं तर पुरेसं मोठं घर दाखवावं लागतं, असा तिथला नियम. आता फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नहून त्याला नोकरीचं बोलावणं आलं होतं. दोघींचं जाणं घरावर अडलं होतं.

गार्चिंगला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात वही उघडली. कांदे, दूध, दही, कोथिंबीर (तीही चक्क कुंडीसकट!).

"आई, लोक बघतायत गं," निखिल कुजबुजला.

"बघू देत. भाव लिहायला कसली लाज?"

चार दिवसांनी आगगाडीनं एश्बॉर्नला गेलो. काचेची ऑफिसं, त्यांच्यामागे सफरचंदाची झाडं, लांबवर निळसर डोंगर. कांदा तोच, दहीही तेच. पण गार्चिंगच्या एका खोलीच्या भाड्यात थोडी भर घातली की इथे दोन खोल्या! पेढे असते तर मी रस्त्यातच वाटले असते.

घर दाखवायला सत्तरीच्या मालकीणबाई आल्या. दोन्ही खोल्यांत छान ऊन होतं. तिसरं दार उघडलं आणि मी दचकले. ओटा नाही, शेगडी नाही, भिंतीतून नुसत्या दोन नळ्या बाहेर आलेल्या.

"अगं बाई, चोरी झाली वाटतं!"

निखिलनं कपाळाला हात लावला. "नाही गं. इथे भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर उचलून नेतात. माझी खोली सामानासकट मिळाली होती, म्हणून विसरलोच मी." नव्याचा खर्च त्यानं सांगितला आणि मी वही मिटली. साठवलेलं सगळं त्यातच गेलं असतं.

रडू यायला लागलं की मी खायला काढते. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा खिडकीत उघडला आणि पहिली पुरी मालकीणबाईंना दिली. त्यांनी ती खाल्ली, दुसरी स्वतःहून उचलली आणि घर कुणाकुणासाठी हवंय म्हणून विचारलं. निखिलनं पाकिटातला ईराचा फोटो पुढे केला.

"आल्झो (बरं तर)," म्हणत त्या आम्हाला केलरमध्ये (तळघरात) घेऊन गेल्या. चादरीखाली त्यांच्या आईचं अख्खं स्वयंपाकघर होतं. कपाटं, सिंक, विजेची शेगडी. "वापरा. जाल तेव्हा परत इथेच ठेवा," त्यांचं बोलणं निखिलनं मला मराठीत सांगितलं. त्यानं हात मिळवला, मी सरळ मिठीच मारली. बाई आधी ताठरल्या, मग खळखळून हसल्या.

संध्याकाळी फोनकार्ड घेऊन ऋचाला एवढंच सांगितलं, "जमलं गं!" मागून ईराचा आवाज, "आजी, माझी खोली कुठली?"

मी परतल्यावर तीन महिन्यांनी दोघींना विमानात बसवून आले. दोन शहरांत खोल्या मोजत हिंडले आणि रिकाम्या झाल्या त्या माझ्याच घरातल्या. सवयीनं तिघींपुरतं पीठ मळलं गेलं. डोळे पुसले, पुऱ्या तळल्या आणि शेजारच्या प्रत्येक दारात देत सांगत सुटले, "आमच्या ईराला तिची खोली मिळाली!"